बाबांच्या पदकांविषयी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

गणपतीत घरी आले होते तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतली बाबांची पदके मी बरोबर घेऊन आले. आईला हे ठाऊक आहे, पण बाबांच्या कानावर घालण्याचे काम तिने माझ्यावरच सोपवले होते. पदके मुंबईतल्या एका जाणकार कारागिराकडून नव्या फितींसह एका पट्टीवर बसवून घेतली आहेत, आणि येत्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, तालुक्याला माजी सैनिकांचा जो सत्कार आहे त्याला बाबा ती लावून येतील, असे बाबांच्या वतीने मी कळवूनही टाकले आहे. बाबा, रागवायचे असेल तर पत्र पुरते वाचून मग रागवा. फोनवर बोलले असते, पण फोनवर तुम्हाला निम्मे ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून फोन आईच्या हाती देता.

तुमचे म्हणणे मला तोंडपाठ आहे. ‘ही शौर्याची पदके नव्हेत, त्या वेळी जो जो होता त्या सगळ्यांना मिळाली.’ १९७१ च्या युद्धाच्या वेळी सेवेत असलेल्यांना मिळालेल्या संग्राम पदकापुरते ते खरे आहे आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या पदकापुरतेही खरे आहे, पण ‘पूर्वी स्टार’ हे तिसरे पदक सगळ्यांना मिळालेले नाही. जे पूर्वेच्या आघाडीवर प्रत्यक्ष होते त्यांनाच ते मिळाले. तुम्ही ज्या विमानवाहू जहाजावर होता त्या विक्रांतच्या वाट्याला १९७१ च्या युद्धात दोन महावीर चक्रे आणि बारा वीर चक्रे आली. जहाजाचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांचे आणि वैमानिकांचे नाव तुम्ही आजही किती आदराने घेता, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि त्यांचा मान त्यांचाच आहे. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की सी हॉक विमाने उडाली ती ज्या डेकवरून, त्या डेकच्या खाली, पाण्याच्या पातळीखाली, कोणीतरी वाफ धरून ठेवलेली होती.

आणि तीही कसल्या बॉयलरांवर! जून १९७० मध्ये विक्रांत मुंबईच्या गोदीत आणली गेली तेव्हा बॉयलरांच्या वॉटर ड्रमना तडे गेलेले होते, वेल्डिंग करून ते सांधण्यासारखे नव्हते आणि नवे ड्रम ब्रिटनहून मागवावे लागले होते. ते येण्याआधीच मार्च १९७१ मध्ये कमी दाबावर बॉयलर पेटवले गेले. त्याच जहाजाने ४ डिसेंबरच्या सकाळी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर विमाने पाठवली, नंतर चितगाव झाले. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतच्याच मागावर होती, आणि ती विशाखापट्टणमजवळ बुडाली ते तुम्हाला कळेपर्यंत प्रत्येक वॉचला, म्हणजे पाळीला, तुम्ही लोक खाली उतरतच होता. पाणतीर लागला असता तर शिडीपर्यंत पोहोचणारे शेवटचे तुम्हीच असता, हे तुम्ही मला एकदाच, मी लग्न होऊन निघाले त्या रात्री सांगितले होते, आणि लगेच विषय बदलून रिक्षा किती वाजता येणार ते विचारले होते. तडे गेलेल्या ड्रमच्या शेजारी चार-चार तास उभे राहून बॉयलर सांभाळणाऱ्या तुमच्यासारख्या स्टोकरला वेगळे पदक नसते. त्याच्या वाट्याला ‘पूर्वी स्टार’च येतो, आणि म्हणून मला तो मोठा वाटतो.

आता जहाजही उरलेले नाही. २०१४ मध्ये विक्रांत भंगारात निघाली तेव्हा तुम्ही दोन दिवस वर्तमानपत्र उघडले नव्हते. २०२३ चा नौदल दिन तर आपल्या मालवणात झाला, तारकर्लीच्या समुद्रात जहाजे आली, आणि तुम्ही घरी टीव्हीसमोर बसून राहिलात. त्या वेळी मी गप्प बसले. या वेळी बसवले नाही. नानाकाकांच्या पदकांचे जे झाले ते आपल्या घरात पुन्हा होऊ द्यायचे नाही, एवढे माझे नक्की ठरले आहे.

कारागीर मात्र तुमच्यावर थोडा नाराज आहे. संग्राम पदकाच्या कडेवर कोरलेला तुमचा नंबर भिंगाखाली वाचता येतो, पण आडनावाची शेवटची दोन अक्षरे जवळजवळ गेली आहेत. ‘वर्षानुवर्षे ब्रासो लावलेला दिसतो,’ असे तो म्हणाला. मला हसू आले. तुमच्या हातून देवघरातली समईसुद्धा सुटत नसे, आणि दर रविवारी तुमच्या मांडीशी बसून फडक्याला लागलेला तो काळा रंग नाकाला फासून घेणे हा माझा उद्योग असे. रजेवर आलात की तुमची पांढरी टोपी घालून मी सगळ्या वाडीभर हिंडत असे, आणि कोणी विचारले तर ‘माझे बाबा जहाज चालवतात’ असे सांगत असे. जहाज कॅप्टन चालवतात, हे मला बरेच उशिरा कळले, आणि खरे सांगायचे तर ते मला अजून पटलेले नाही.

कार्यक्रमाची काळजी करू नका. गाडी दाराशी येईल आणि मी आदल्या संध्याकाळीच पोहोचेन. व्यासपीठाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, तुमचे नाव पुकारतील तेव्हा पाहुणेच खाली येतील, हे मी मान्य करून घेतले आहे. पाठीला टेकू असलेली खुर्ची, सावलीतली जागा आणि जवळच स्वच्छतागृह, हे तिन्ही मी स्वतः जाऊन पाहिले आहे. जेवायला आपण घरीच असू. भाषण करायचे नाही. कोणी आग्रह केलाच, तर मी बोलेन.

आता काही गोष्टी सांगते आणि त्यांवर वाद नको. पट्टी घरी आली की तिला ब्रासो लावायचा नाही, मऊ कोरड्या फडक्याने पुसायची, तेही मीच पुसेन. ती पुन्हा माळ्यावर जाणार नाही, खाऱ्या हवेने पितळ हिरवे पडते. त्यामुळे ती आतल्या खोलीतल्या कपाटात राहील. माळ्यावर तुम्ही स्वतः चढायचे नाही, शिडी मी शेजारी देऊन आले आहे. कानाचे यंत्र आतापासून रोज लावायचे, नाहीतर त्या दिवशी ते टोचते म्हणून काढून ठेवाल. बॉयलर रूमने कान नेले, त्यात तुमचा दोष नाही, पण यंत्र डबीत ठेवण्यात मात्र आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी चहाआधी घ्यायची, आणि आई, तू ती त्यांच्या हातात न देता समोर उभी राहून घ्यायला लाव.

बाबा, तुम्हाला अगदीच नको असेल तर मी बळजबरी करणार नाही. पदके घरी राहतील आणि मी एकटी जाऊन नकार कळवून येईन. पण तसे असेल तर मला स्वतः सांगा, आईकरवी नको.

आई, ब्लेझरची छाती आणि बाह्या मोजून रविवारच्या आत कळव. जुना आता त्यांना सैल होतो, आणि पट्टीला वजन असल्यामुळे सैल कापड खाली ओढले जाते. शिंपी चार दिवस मागतो.

तुमची,
मंजू