पिठाच्या डब्याचं झाकण

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

डिनर रोलचा, म्हणजे त्या छोट्या मऊ पावांचा, ट्रे ओव्हनमधून बाहेर आला, बोटाने दाबलेला रोल दबून पुन्हा अलगद वर आला, आणि त्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते वाचून आणखी कुणाचे रोल सुधारले तर मला फार बरं वाटेल.

तुम्ही केलंत काय, तर पिठाच्या डब्याचं झाकण लावलंत.

मैदा, दूध, अंडं, यीस्ट एकत्र झालं होतं. गोळा पाचही बोटांना चिकटून लोंबत होता आणि हात आपोआप डब्याकडे गेला होता. तुम्ही काही न बोलता झाकण दाबून बसवलंत, डबा ओट्याच्या पार पलीकडच्या टोकाला सरकवलात, खांद्यावरचं फडकं ओलं करून, घट्ट पिळून भांड्यावर टाकलंत आणि मग म्हणालात, "पंधरा मिनिटं याला हात लावायचा नाही. पीठ अजून दूध पितंय." पंधरा मिनिटांनी तोच गोळा, चिमूटभरही मैदा न घालता, भांड्याच्या कडा सोडून एका हाताने उचलता आला.

याआधी ज्यांनी ज्यांनी रोल शिकवले, त्यांच्यापैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं. उलट जवळजवळ प्रत्येक कृतीत एक वाक्य असतंच: पीठ हाताला चिकटेनासं होईपर्यंत मैदा घालत राहा. हेच वाक्य रोलचं वाटोळं करतं. ताजं भिजवलेलं पीठ चिकटणारच, कारण दूध अजून पिठाच्या कणांत मुरलेलं नसतं, नुसतं बाहेर बसलेलं असतं. तेव्हा मैदा घातला की चिकटपणा तात्पुरता जातो खरा. पण थोड्या वेळाने दूध मुरतं, आणि तोवर आत गेलेला जास्तीचा मैदा काही परत काढता येत नाही. मग गोळा घट्ट होतो, फुगायला जास्त वेळ घेतो, आणि रोल निघतात दडदडीत, दुसऱ्या दिवशी तर भुगा पडणारे. दोष मात्र यीस्टला दिला जातो.

दुसरा राग "कप" या मापाचा. तुम्ही वजनकाटा पुढे ओढून एकच कप दोनदा भरून दाखवलात. चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केलेला कप १२० ग्रॅमच्या आसपास भरला आणि डब्यात खुपसून दाबून काढलेला १५० च्या. तीन कपांत ९० ग्रॅमचा फरक! ३६० ग्रॅमच्या जागी ४५० ग्रॅम मैदा गेला तर त्याच दुधात मऊ रोल होणं शक्यच नाही, हात कितीही चांगला असो. कृती लिहिणाऱ्यांनी एवढा एक आकडा ग्रॅममध्ये दिला असता तर किती ट्रे वाचले असते.

आणि "अर्ध्या तासात रोल" असं जे लिहितात, ते फुगण्याचा वेळ धरतच नाहीत. तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलंत की दीड तास लागेल, त्यातली आपल्या हाताची मेहनत जेमतेम अर्ध्या तासाची. यीस्टच्या रोलसाठी हे झटपटच आहे, आणि खरं बोलल्यामुळे जेवणाची वेळही चुकत नाही.

तुमचं प्रमाण इथे लिहून ठेवते. मैदा ४०० ग्रॅम, कोमट दूध २४० मिली, एक अंडं, मऊ लोणी ५५ ग्रॅम, साखर ३५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ९ ग्रॅम. एवढ्या पिठाला एरवी ५-६ ग्रॅम यीस्ट पुरतं. जास्तीचं घालतो ते वेळ वाचवण्यासाठी. अंडं नको असेल तर दूध ४० मिलीने वाढवायचं. रोल थोडे कमी लुसलुशीत होतात आणि लवकर शिळे लागतात, पण होतात छान. साधं दाणेदार कोरडं यीस्ट असेल तर ते आधी चिमूटभर साखरेसह कोमट दुधात दहा मिनिटं फसफसू द्यायचं आणि २-३ ग्रॅम जास्त घ्यायचं. दहा मिनिटांनी वर फेस आला नाही तर तिथेच थांबायचं. ते यीस्ट मेलेलं आहे, पुढे मैदा वाया घालवण्यात अर्थ नाही.

"कोमट" म्हणजे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. तापमापक नसला तर मनगटावर एक थेंब: ऊब लागली पाहिजे, चटका नाही. ५५-६० अंशांना यीस्ट मरतं, त्यामुळे उकळी आलेलं दूध घाईने ओतणं हा सगळ्यात महागात पडणारा उतावीळपणा. उलट फ्रिजमधलं थंड दूध यीस्टला मारत नाही, फक्त झोपवून ठेवतं. तिथे वेळ जातो, रोल जात नाहीत.

लोणी त्या पंधरा मिनिटांच्या विसाव्यानंतर घालायचं, आधी नाही, हेही तुमचंच. स्निग्धांश पिठाच्या कणांवर बसला की पाणी आत शिरायला आणि ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनांचे, धागे जुळायला उशीर लागतो. आधी पीठ आणि दूध यांची गाठ पडू द्यायची. विसाव्यात हे धागे न मळताच जुळू लागतात, म्हणून नंतरचं मळणं पंधराऐवजी सहा-सात मिनिटांत उरकतं. फ्रेंच बेकरीतज्ज्ञ रेमों काल्वेल यांनी १९७४ मध्ये हीच विसाव्याची पद्धत 'ऑटोलीझ' या नावाने मांडली. त्यांच्या पद्धतीत त्या वेळी भांड्यात फक्त पीठ आणि पाणी असतं, यीस्ट-मीठ नंतर. तुम्ही घाईच्या रोलसाठी यीस्टही आधीच घालता, म्हणजे विसावा आणि फुगण्याची सुरुवात एकाच वेळी होते. लोणी घालताना गोळा एकदम फाटल्यासारखा, बुळबुळीत होतो. तिथेही हात पुन्हा डब्याकडे जातो. जाऊ द्यायचा नाही! दोन मिनिटं तिंबत राहिलं की लोणी आत जातं आणि पीठ तुकतुकीत होतं. लिंबाएवढा तुकडा दोन्ही हातांनी ताणून पाहायचा. न फाटता पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला की मळणं पुरे.

रोल वळताना तर झाकणाचं महत्त्व पुन्हा कळलं. गोळा साधारण ८०० ग्रॅमचा भरतो, त्याचे ५३ ग्रॅमचे १५ भाग. कडा खाली ओढून चिमटायच्या आणि चिमटलेली बाजू खाली ठेवून, तळहाताची वाटी करून, कोरड्या ओट्यावर गोल फिरवायचं. ओट्यावर मैदा भुरभुरलेला असला तर गोळी नुसती घसरते. पृष्ठभाग ताणला जात नाही, मग रोल वर जाण्याऐवजी आडवा पसरतो. ओट्याने गोळीला किंचित धरून ठेवलं पाहिजे, तीच पकड तिला घट्ट गोल करते. फारच चिकटलं तर तळहाताला तेलाचं बोट.

२३ बाय ३३ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये तीन-तीनच्या पाच ओळी, मध्ये बोटभर अंतर. फुगल्यावर रोल एकमेकांना टेकतात, म्हणून बाजू मऊ राहतात. फुगवायला ऊब हवी, पण ३०-३२ अंशांपुरतीच. त्याच्यावर गेलं की लोणी वितळून ट्रेच्या तळाशी येतं आणि रोल खालून तळल्यासारखे होतात.

मग तुमची बोटाची खूण. "दुप्पट होईपर्यंत" या शब्दांवर अवलंबून राहू नका, असं तुम्ही म्हणालात, कारण दुप्पट किती हे डोळ्यांना कळत नाही. बोट ओलं करून गोळीच्या कडेला अर्धा सेंटिमीटर दाबायचं. खळगा लगेच भरून आला तर अजून दहा मिनिटं. सावकाश, अर्धाच भरला तर ट्रे ओव्हनमध्ये. अजिबात भरला नाही तर उशीर झालाय. असे रोल ओव्हनमध्ये बसतात आणि वर सुरकुत्या पडतात. तेवढ्या यीस्टला २५ ते ३५ मिनिटं पुरतात. ओव्हन या वेळातच तापायला ठेवायचा.

भाजणं १९० अंशांवर, मधल्या खणात, १६ ते १८ मिनिटं. दहाव्या मिनिटालाच वरून लाल दिसू लागले तर फॉइल सैल पांघरायची. दूध आणि साखर लवकर रंग धरतात, त्या रंगावर फसून काढले तर मधले रोल कच्चट निघतात. मधल्या रोलच्या पोटात ९० अंश भरले की झालं. काचेचा ट्रे हळू तापतो, त्याला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. बाहेर काढल्याबरोबर वरून लोण्याचा हात आणि कोरडं फडकं, म्हणजे साल मऊ राहते. दहा मिनिटं तोडायचे नाहीत. वाफ निघून आतलं पीठ बसेपर्यंत ते चिकटच लागतं.

काकू, यातलं बरंचसं कुठे ना कुठे छापलेलं असेल. पण छापलेलं वाचून हात थांबत नाही. तुम्ही थांबवलात, तोही अपमान न करता. "एवढंही येत नाही?" हे वाक्य स्वयंपाकघरात किती सहज बोललं जातं, आणि त्याने शिकणारा माणूस किती आक्रसून जातो! तुम्ही चूक दाखवली नाहीत, चूक होण्याची जागाच बंद केलीत. ज्यांना खरंच येतं ती माणसं अशी असतात. त्यांना आपली विद्या मिरवायची नसते, समोरच्याचा पदार्थ नीट व्हावा एवढंच वाटत असतं. अशी माणसं भेटतात, म्हणून कुणीही नवीन काही करायला धजतं. ट्रे बाहेर आल्यावर तुम्ही पहिला रोल स्वतः घेतला नाहीत, मधला तोडून माझ्या हातावर ठेवलात. जाळी बघ, म्हणालात. हे लिहितानाही गळा दाटून येतोय.

उद्या सकाळी सहा रोल पाठवते. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ते बाहेरच्यापेक्षा लवकर शिळे होतात. डब्यातच दोन दिवस छान राहतील. खाताना फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांवर सात-आठ मिनिटं. सोबत तुमचं फडकंही आहे, धुऊन वाळवलेलं.

तुमची ऋणी,
शेजारची