नातीच्या तोंडावर मार्करने दाढी

प्रिय पम्या,

परवा फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय. डेव्हिड आयर्लंडचं 'सायप्रस अव्हेन्यू' हे नाटक बघितलं, म्हणजे रेकॉर्डिंग रे, लंडनला जायला पैसे कुठायत. 2016 ला आधी डब्लिनच्या ॲबी थिएटरला लागलं, मग लंडनला रॉयल कोर्टला. तर एरिक नावाचा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा कट्टर प्रोटेस्टंट म्हातारा, जन्मभर एकच पाढा की मी ब्रिटिश, आयरिश नाही, आणि त्याच्या डोक्यात बसतं की आपली 5 आठवड्यांची नात म्हणजे जेरी ॲडम्स! ॲडम्स म्हणजे ब्रिटनपासून सुटून अख्खा आयर्लंड एक करू पाहणाऱ्या शिन फेन पक्षाचा तेव्हाचा पुढारी, एरिकच्या लेखी साक्षात शत्रू. खात्री करायला तो तान्ह्या पोरीला चष्मा लावतो, मार्करने दाढी काढतो. मी खो खो हसलो, आणि तिथेच फसलो बघ, कारण पुढे हसू घशात अडकतं.

1998 ला तिथला हिंसाचार थांबवणारा गुड फ्रायडे करार झाला, तीसेक वर्षांच्या त्या भांडणात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेल्यावर. पण एरिकचं काय? शत्रूच नाही उरला तर हा कोण? लंडनच्या आयरिश पबात तो आयरिश असल्याचं सोंग करतो आणि त्याला चक्क मजा येते, हे तो सायकियाट्रिस्टला सांगतो तो सीन मला बाळापेक्षा भारी वाटला. सगळी चिरफाड तिथेच आहे.

आणि काम कोणाचं, तर स्टीफन रे. हा स्वतः बेलफास्टच्या प्रोटेस्टंट घरातला, बायको होती आयआरए या ब्रिटनविरोधी सशस्त्र आयरिश संघटनेतली डोलर्स प्राइस (नंतर घटस्फोट झाला). वर 1988 ते 94 ब्रिटिश टीव्ही-रेडिओवर शिन फेनवाल्यांचा आवाज ऐकवायला बंदी होती, चेहरा त्यांचा आणि आवाज नटाचा, तर ॲडम्ससाठी आवाज देणाऱ्या नटांत हाही होता! आता तोच एरिक होऊन ॲडम्सच्या नावाने बोंबलतोय. असलं कास्टिंग कोणाला सुचून सुचणार नाही.

शेवट मात्र मला पटला नाही. घरच्यांना मारतो तो, बाळालासुद्धा. म्हाताऱ्याचं वेड कुठवर जाणार ते कळलेलं असतं, तरी सगळं दाखवतात, आणि बायको, मुलगी या मरण्यापुरत्याच लिहिल्यासारख्या वाटतात. तू म्हणशील दाखवायलाच हवं. बघ आणि मग भांड, पण जेवून बघू नकोस.

तुझा,
बंड्या