सूचना: मातीत काम करताना झालेल्या जखमांबाबत

सर्व सदस्यांना कळकळीची विनंती. बागेत काटा रुतला, खरचटलं, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. मातीतल्या नोकार्डियासारख्या जीवाणूंचा संसर्ग सावकाश वाढतो. काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी तिथे गाठ येते, पू होतो, मग हातावर वरच्या बाजूला आणखी गाठी उठतात. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यावर बरेचदा चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना मातीचा संबंध आवर्जून सांगा. मधुमेह असलेल्यांनी, स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर हातमोज्यांशिवाय मातीला हात लावूच नये.

धनुर्वाताची लस 10 वर्षांपूर्वीची असेल तर पुन्हा घ्या. खोल, मळकी जखम असेल तर 5 वर्षांनीही लागते. वेदना जखमेच्या मानाने फारच जास्त असेल, सूज झपाट्याने पसरत असेल, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.