दाढ न काढणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईची दाढ काढून घ्यायला आम्ही तुमच्याकडे आलो होतो आणि तुम्ही ती काढली नाहीत. त्यासाठी हे पत्र. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आईसारखंच दुखणं घेऊन दातांच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढणारी माणसं आजही असतील. तुम्ही आम्हाला जे समजावून सांगितलंत, ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

तुमच्याकडे येण्याआधी तिच्या उजव्या बाजूच्या वरच्या दोन दाढा गेल्या होत्या. एकीचं आधी रूट कॅनॉल केलं, मग तीच काढली, मग शेजारची. मधे काही दिवस बरे जायचे आणि पुन्हा तीच कळ. बोलता बोलता आई मधेच थांबायची, डोळे गच्च मिटून घ्यायची आणि क्षणात सगळं संपायचं. घरात ज्याने त्याने आपापलं निदान केलं. कुणी सायनस म्हणालं, कुणी पित्त, कुणी चष्म्याचा नंबर. तिची भाकरी सुटली, ताकभातावर आली. एसटीत खिडकीशी बसली की गालावर पदर घट्ट धरून ठेवायची, वारा लागू नये म्हणून. भाचीच्या लग्नात तिने नथ घातली नाही. पाहुण्यांना वाटलं, रुसली आहे. नाकपुडीला जरा धक्का लागला तरी तिला कळ यायची, हे कुणाला सांगणार?

तुम्ही दाढ कुठली ते विचारायच्या आधी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात. कळ किती वेळ टिकते, विचारलंत. आई म्हणाली, "आली तशी जाते." रात्री झोपेतून उठवते का? "नाही, एकदा डोळा लागला की सुटले." दुखण्याची गोळी घेतल्यावर थांबते का? "गोळी पोटात जायच्या आत कळ संपलेली असते!" मग तुम्ही दाढेवर ठोकून पाहिलंत, गार बोळा लावून पाहिलात, एक्स-रे उजेडात धरलात. शेवटी कापसाची बारीक वात करून नाकपुडीशेजारी हलकेच टेकवलीत आणि आईचा अख्खा चेहरा आक्रसला. तिचा हात धरून तुम्ही म्हणालात, "माफ करा काकू. पण आता कळलं. दाढेचा यात काही दोष नाही."

त्यानंतर तुम्ही चिठ्ठीच्या पाठीमागे जे चित्र काढलंत, ते आईने अजून जपून ठेवलं आहे. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवी, ट्रायजेमिनल नस. तिच्या तीन फांद्या, एक कपाळ-डोळ्याकडे, एक गाल आणि वरच्या दातांकडे, एक खालच्या जबड्याकडे. दात, सायनस, डोळ्यांभोवतीचा भाग, सगळ्यांची खबर हीच नस मेंदूला पोचवते. मानेच्या वरच्या मणक्यांतून येणाऱ्या नसांची खबरही मेंदूच्या बुडाशी याच ठाण्यावर येऊन मिळते. त्यामुळे दुखतं एकीकडे आणि जाणवतं दुसरीकडे. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा उमगलं, की इतकी वर्षं निरोगी दाढांवर आळ का येत होता.

आईचं दुखणं ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. पन्नाशीनंतर जास्त दिसतं, बायकांमध्ये अधिक. बहुतेकांच्या बाबतीत मेंदूतून नस निघते तिथेच एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. वर्षानुवर्षं ठोके बसून नसेवरचं आवरण झिजतं आणि मग साधा स्पर्शसुद्धा विजेच्या झटक्यासारखा जातो. तुम्ही म्हणालात, "काकू, विहिरीच्या काठाला घासून मोटारीची केबल सोलते ना, तसं." आईने लगेच मान हलवली. तिच्या हयातीत तिने अशा किती केबली पाहिल्यात!

नंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. रक्तवाहिनी नसेवर दाबते, हे अमेरिकेतले शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1934 मध्येच मांडलं होतं. 1960 च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती वाहिनी नसेपासून बाजूला करण्याची शस्त्रक्रिया रुजवली. कार्बामॅझेपिन या गोळीचा या दुखण्यावर उपयोग होतो, हे 1962 मध्ये स्वीडनमधून प्रसिद्ध झालं. म्हणजे कारण आणि उपाय दोन्ही कधीपासून माहीत आहेत. नेमके प्रश्न विचारणारं कुणी भेटायला मात्र आईला इतका वेळ लागला.

तुम्ही तिथेच थांबला नाहीत, म्हणून तुमचं जास्त कौतुक वाटतं. आमच्याबरोबर मावशी आली होती. तिचं डोकं रोज दुखतं हे तुम्ही बोलण्यातून हेरलंत आणि गोळ्या किती घेते ते विचारलंत. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या तीन महिन्यांवर चालू राहिल्या, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात, आणि एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या असतील तर दहा दिवसही पुरतात, हे मावशीला तुमच्या तोंडून कळलं. तिचं "सायनस" मुळात अर्धशिशी निघाली. आणि एक गोष्ट तुम्ही आम्हा तिघींकडून वदवून घेतलीत, ती इथे मुद्दाम लिहिते: पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखायला लागलं, डोक्याला हात लावला तरी हुळहुळतं, चावताना जबडा भरून येतो किंवा नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, आणि उशीर झाला तर दृष्टी जाते.

तुमची चिठ्ठी घेऊन आम्ही मिरजेला मेंदूविकार तज्ज्ञांकडे गेलो. एमआरआय झाला. गाठ नाही, मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांचं आवरण झिजवणारा आजार) नाही, एक रक्तवाहिनी नसेला लागून आहे. अशी वाहिनी दुखणं नसलेल्या माणसांतही सापडते, म्हणून नुसत्या फोटोवर निदान होत नाही, रुग्णाचं बोलणंच महत्त्वाचं, असं त्यांनीही सांगितलं. त्यांनी तुमच्या चिठ्ठीतली टिपणं दोनदा वाचली. कार्बामॅझेपिनची गोळी थोड्या मात्रेने सुरू झाली. पहिले दिवस जड गेले. आईला गुंगी यायची, चालताना तोल जायचा. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच या, अशी ताकीद होती. रक्तातलं सोडियम मधून मधून तपासावं लागतं. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, थंडीत एखादी कळ येतेच. शस्त्रक्रियेचं बोलणं झालं आहे, तूर्तास गोळीवर भागतंय. पण आई भाकरी खाते, आणि कळ आली तरी घाबरत नाही. ती कुठून येते हे आता तिला ठाऊक आहे.

मॅडम, त्या दिवशी दाढ काढून दिली असतीत तरी आम्ही तुमचे आभारच मानले असते आणि पैसे देऊन घरी गेलो असतो. तुम्ही तसं केलं नाहीत. बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते तरी अर्धा तास आमच्यासाठी दिलात. आमचं घर हे विसरणार नाही.

कळेच्या धास्तीने आईने उजवीकडे कित्येक महिने नीट ब्रश केला नव्हता, त्यामुळे हिरड्या सुजल्या आहेत. तिला दात साफ करून घ्यायचे आहेत, आणि ते तुमच्याचकडे, असा तिचा हट्ट आहे. सकाळची गोळी घेतल्यावर तिला बरं असतं, तेव्हा अकराच्या सुमाराची वेळ द्यावी.

तुमची कृतज्ञ,
काकूंची थोरली मुलगी