पिल्ले उडेपर्यंत फांद्या तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बगळ्यांच्या घाणीवर उपाय म्हणून झाडाच्या फांद्या ताबडतोब छाटाव्यात, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्रास खरा आहे. माझ्या दारासमोरच्या झाडावरही रातबगळ्यांची वीण होते. तो वास, ती पांढरी रांगोळी आणि रात्रभर चालणारे ‘वाक् वाक्’ मला पाठ आहे. माझा विरोध आहे तो फक्त ‘ताबडतोब’ या शब्दाला.

घरट्याची सुरुवात नर करतो. या दिवसांत त्याचे एरवीचे पिवळसर पाय गुलाबी होतात. जोडी जमली की बांधकाम मादीकडे जाते. नर काटकी आणून तिच्या चोचीत देतो, ती हलवून हलवून खोचते. एक काटकी तिने तीनदा उपसून चौथ्यांदा बसवलेली मी पाहिली. तोवर नर शेजारी मान खाली घालून उभा होता!

अंडी साधारण ३ ते ५, निळसर हिरवी, एकेक दिवसाआड घातलेली. नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात, आणि तेही पहिल्या अंड्यापासूनच. त्यामुळे २३ ते २६ दिवसांनी पिल्ले एकदम न निघता मागेपुढे निघतात. थोरले चांगले बाळसे धरते तेव्हा धाकटे नुकते डोके उचलत असते. मासे-बेडकांची टंचाई झाली तर आधी धाकटेच जाते. एरवी रात्री शिकार करणारे आईबाप या काळात भर दिवसाही अन्न शोधत फिरतात.

तीन-चार आठवड्यांची झाली की पिल्ले घरट्याबाहेर पडून फांद्यांवर चढू लागतात. उडता मात्र येत नाही. त्याला सहा आठवडे लागतात. पाय घसरला की पिल्लू चोच आणि मान फांदीवर अडकवते, पंख फडफडवत स्वतःला वर ओढून घेते. खाली पडलेच तर आईबाप त्याला भरवायला सहसा जमिनीवर उतरत नाहीत.

आणि घाण सर्वांत जास्त होते ती नेमकी याच आठवड्यांत, कारण पिल्लांची भूक तेव्हा वाढलेली असते. म्हणजे तक्रारी वाढतात तेव्हाच फांद्यांवर न उडणारी पिल्ले सर्वांत जास्त असतात. त्या दिवशी करवत चालवली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

छाटणी करायचीच असेल तर वीण संपल्यावर करावी, आणि तीही वाटेवर आलेल्या फांद्यांपुरती. रातबगळे वर्षानुवर्षे त्याच झाडावर परततात, जुन्या घरट्यांवरच नव्या काटक्या रचतात. अशा वसाहतीला मराठीत ‘सारंगागार’ असा सुंदर शब्द आहे. वीण संपेपर्यंत झाडाखाली वाहने लावू नयेत आणि तेवढ्या जागेला दोरी बांधून वाट बाजूने काढावी.

सगळ्या जोड्या एकाच दिवशी अंडी घालत नाहीत, त्यामुळे काही घरटी उशिरा रिकामी होतात. आमच्या झाडावर सर्वांत खालच्या घरट्यातले धाकटे पिल्लू अजून उडालेले नाही. ते उडेपर्यंत तरी थांबावे, ही कळकळीची विनंती.

आपली एक वाचक