सर्व्हर बदलल्यानंतर शेअर्ड फोल्डरच्या ग्रुप परमिशन बिघडल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: डिफॉल्ट एसीएल (फोल्डरात नव्या बनणाऱ्या फाईलींना आपोआप मिळणारी परवानग्यांची यादी) परत लावणे आणि रोज रात्री चालणारा चमॉड ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या देणारी आज्ञा) तातडीने बंद करणे

महोदय / महोदया,

आपल्या सर्व्हरवर आमच्या आठ जणांचा एक शेअर्ड फोल्डर आहे. एकाने फाईल तयार करावी आणि दुसऱ्या कुणीही ती दुरुस्त करावी, एवढीच गरज. दोन वर्षे परमिशनकडे कुणाला वळूनही पाहावे लागले नाही. गेल्या महिन्यात आपण आमचा डेटा नव्या सर्व्हरवर हलवला आणि तेव्हापासून रोज कुणाला ना कुणाला 'परमिशन डिनाइड' दिसते.

गंमत अशी की जुन्या फाईली व्यवस्थित उघडतात आणि सेव्हही होतात. अडतात त्या फक्त नव्या. त्यामुळे पहिले चार दिवस आम्ही एकमेकांनाच दोष देत होतो. मग नीट तपासले. नव्या फाईलचा ग्रुप बरोबर आहे, म्हणजे फोल्डरवरचा सेटजीआयडी (नव्या फाईलला फोल्डरचाच ग्रुप देणारी खूण) शाबूत आहे. पण परमिशन ६४४, म्हणजे ग्रुपला वाचता येते, लिहिता येत नाही. सेटजीआयडीमुळे फक्त ग्रुप पुढे जातो. लिहिण्याची मुभा आम्ही डिफॉल्ट एसीएलने दिली होती आणि नेमका तोच नाहीसा झाला आहे. एलएस या आज्ञेने मिळणाऱ्या फाईलींच्या यादीत फोल्डरच्या परमिशनशेवटी दिसणारे, एसीएल असल्याचे सांगणारे अधिकचे चिन्ह आता एकाही ओळीत नाही.

डेटा आरसिंक या फाईली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला लहान 'ए' हा पर्याय लावून हलवल्याचे आपल्याच इंजिनिअरने सांगितले. त्या पर्यायाने एसीएल येत नाहीत, मोठा 'ए' वेगळा द्यावा लागतो. जुन्या फाईली का चालत राहिल्या, तेही यातून उलगडते: एसीएल असलेल्या फाईलच्या ग्रुप बिटांत (ग्रुपच्या परमिशनच्या जागी) मास्क, म्हणजे एसीएलने देता येणाऱ्या परवानगीची कमाल मर्यादा, दिसतो, आणि तोच नव्या जागी साधी परमिशन म्हणून उतरला.

हे सगळे लिहून कळवल्यावर आलेले पहिले उत्तर: लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. दुसरे: प्रत्येकाने आपल्या प्रोफाइलमध्ये (लॉगिन करताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंग्जमध्ये) युमास्क, म्हणजे नव्या फाईलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा, ००२ करावा. एसएफटीपीने (फाईली पाठवण्याच्या सुरक्षित पद्धतीने) चढणाऱ्या फाईली किंवा क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीतून) तयार होणारे अहवाल प्रोफाइल वाचतच नाहीत, आणि आमच्या निम्म्या फाईली तशाच येतात.

तिसरा उपाय तर आम्हाला न विचारताच झाला. रोज रात्री २ वाजता संपूर्ण फोल्डरवर चमॉड ७७७ चालतो. ज्या सर्व्हरवर इतर ग्राहकांचीही खाती आहेत, तिथे आमच्या फाईलींना कुणालाही लिहिण्याची परवानगी! साध्या मजकुराच्या फाईलीही एक्झिक्युटेबल (प्रोग्रामसारख्या चालवता येणाऱ्या) झाल्या आहेत. एवढे करून मूळ अडचण तशीच, कारण सकाळी केलेली फाईल सहकाऱ्याला दुपारी लागते, दुसऱ्या दिवशी नव्हे.

दुसरीकडून एमव्हीने (फाईल हलवणाऱ्या आज्ञेने) आणलेली फाईल आपली जुनी परमिशन घेऊनच येते, हे आम्हाला ठाऊक आहे. तेवढे आम्ही निस्तरू. पण एसीएल आम्हाला लावता येत नाही: ते फक्त मालक किंवा रूट (सर्व अधिकार असलेले प्रशासकाचे खाते) करू शकतो, आणि आमच्या उपफोल्डरांचे मालक वेगवेगळे आहेत, त्यातले दोघे तर काम सोडून गेले.

स्थलांतरापूर्वी गेटफॅकलने (एसीएल वाचून दाखवणाऱ्या आज्ञेने) काढलेली संपूर्ण नोंद सोबत जोडली आहे. सेटफॅकलच्या (एसीएल लावणाऱ्या आज्ञेच्या) रिस्टोअर पर्यायाला ती द्यावी. जुन्या फाईलींवरचे ७७७ ही त्यानेच जाईल. मधल्या काळातल्या फाईलींना ६६० (मालक आणि ग्रुपला वाचणे-लिहिणे, इतरांना काही नाही), फोल्डरांना २७७० (मालक आणि ग्रुपला पूर्ण मुभा, शिवाय सेटजीआयडी) आणि डिफॉल्ट एसीएल वेगळा लावावा. त्याआधी, आजच, रात्रीचा तो क्रॉन काढावा. काम झाल्याचे लेखी कळवावे आणि स्थलांतरापासून दुरुस्तीपर्यंतच्या दिवसांचे शुल्क पुढच्या बिलातून वजा करावे. सात दिवसांत हे न झाल्यास आम्ही खाते बंद करून डेटा दुसरीकडे नेऊ. मोठा 'ए' लावून.

आपला,
एक ग्राहक

सोबत: गेटफॅकलची नोंद, स्थलांतरापूर्वीची आणि नंतरची एलएस यादी