मॅडमना आजच कळव

नागपूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "आई, लेमा ३.४ मध्ये गॅप निघाली" एवढंच म्हणालीस आणि लगेच बाबांच्या गुडघ्यावर आलीस. गुडघा बरा आहे, सकाळी अंबाझरीपर्यंत जाऊन येतात. मला विचारायचं होतं ते राहूनच गेलं: मॅडमना सांगितलंस का?

तुझा गणिताचा लेख मी पुन्हा वाचला. लेमा ३.४ या सहायक पायरीत प्रत्येक क्यू या संख्येसाठी एक स्थिरांक, सी, मिळतो, हे तू नीट सिद्ध केलंयस. पुढच्या ओळीत मात्र तोच स्थिरांक सगळ्या क्यूंना चालेल असं धरून चाललीस. 'प्रत्येक क्यूला एक सी आहे' आणि 'एकच सी प्रत्येक क्यूला पुरतो' ही दोन वेगळी विधानं. क्यूबरोबर सी वाढत गेला की दुसरं कोसळतं. म्हणून आधी सी किती वेगानं वाढतो ते सिद्धतेतूनच काढ. क्यूच्या वर्गाइतका वाढत असेल तर फार बिघडलेलं नाही. तुझ्या अंदाजात क्षच्या डेल्टा घाताची बचत आहे, म्हणजे तेवढी सैल जागा आहे. क्यू हा क्षच्या डेल्टा-चतुर्थांश घातापर्यंतच नेलास, तर अर्धी बचत सी खातो आणि अर्धी हातात उरते. प्रमेय थोडं आखूड होईल, पण उभं राहील. सी घातांकी वेगानं वाढत असेल तर कठीण आहे. मग क्यू लॉग-क्षच्या लहानशा पटीपुढे नेता येणार नाही.

मग ३.४ पुढे कुठे कुठे वापरलाय ते लिहून काढ, आणि दर ठिकाणी क्यू कुठवर जातो तेही. जिथे जिथे 'हे उघड आहे' लिहिलंयस तिथे आधी थांब. लहान क्यू संगणकावर तपासून समाधान मानू नकोस. संख्यांच्या अविभाज्य अवयवांबद्दलचं पोल्याचं अनुमान १९१९ चं. त्याला अपवाद सापडतो तो थेट ९०,६१,५०,२५७ वर. तिथवर सगळं सुरळीत दिसतं.

पण हे सगळं मॅडमना कळवून झाल्यावर. लेखावर त्यांचंही नाव आहे, बाळा. अर्काइव्ह या संकेतस्थळावर चढवलेल्या लेखाची पहिली आवृत्ती पुसली जात नाही. दुरुस्त आवृत्ती चढवा किंवा लेख मागे घ्या, शेऱ्यात सरळ लिहायचं की स्थिरांक क्यूवर अवलंबून नाही हे सिद्ध झालेलं नाही. नियतकालिकाकडे गेला असेल तर संपादकांनाही तेच. हे तुम्ही दोघींनी मिळून ठरवायचं. तू एकटीनं रात्री जागून नाही.

वर्गात फळ्यापुढे उभी असल्यासारखी बोलत सुटले. राग मानू नकोस.

माईआजीच्या ओट्यावर तू आणि आजी गणिती कापरेकरांचा ६१७४ खेळायचात: चार अंकी आकडा घ्यायचा, त्याचे अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करायचे, आणि उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलं की ५४३२ वजा २३४५, आले ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आजी म्हणाली, कुठलाही आकडा घे. तू विचारलंस, "११११ घेतला तर?" शून्य! आणि १११२ वरून ९९९ येतं, तेव्हा पुढचं शून्य टाकलं तर खेळ तिथेच संपतो, ०९९९ धरलं तर परत ६१७४ वर पोचतो, हेही तुलाच दिसलं. विधानात एक अट राहिली आहे, हे चौथीतल्या पोरीनं पकडलं होतं. आताही लेख तपासणाऱ्या रेफरीच्या आधी तूच पकडलंस. मला किती अभिमान वाटला ते फोनवर बोलता आलं नाही.

पण तेव्हा तू अख्ख्या वाड्याला ओरडून सांगितलं होतंस. आता गप्प आहेस, ते मला सोसत नाही.

केम्पचं तुला ठाऊक आहेच, तरी लिहिते. कुठलाही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात, या चार रंगांच्या प्रमेयाची त्याची सिद्धता १८७९ ची. १८९० मध्ये हीवुडनं ती चुकीची असल्याचं दाखवलं, आणि त्याच युक्तीनं पाच रंग पुरतात हे सिद्धही केलं. केम्पनं स्वतः लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीला जाऊन सांगितलं की चूक आहे आणि मला ती दुरुस्त करता येत नाही. त्याच्या साखळ्या, म्हणजे त्या सिद्धतेतली रंगांच्या अदलाबदलीची युक्ती, १९७६ मध्ये ते प्रमेय सिद्ध करणाऱ्या अ‍ॅपेल आणि हाकेन यांच्याही कामी आल्या. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाच्या वाइल्सच्या सिद्धतेतली १९९३ ची गॅप १९९४ च्या सप्टेंबरात भरली, ती रिचर्ड टेलर सोबत असताना. एकट्यानं सात वर्षं काम करणाऱ्या माणसालाही शेवटी दुसऱ्याला बोलवावंसं वाटलं.

मेल लांबवू नकोस. कुठली ओळ चुकली, का चुकली, त्यावर काय काय उभं आहे आणि काय त्याशिवायही टिकतं, एवढंच लिही. एक पान पुरे. माफी मागत बसू नकोस. मला प्रत नको, नुसतं 'पाठवली' एवढं कळव. दादा शुक्रवारी विदर्भ एक्सप्रेसनं निघतोय, त्याच्याजवळ संत्री देते. मेसचं जेवण चुकवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. क्यू दोनाचा घात असेल ती बाब वेगळी तपास. आठपासून पुढे क्यूशी सामाईक अवयव नसलेल्या शेषांचा गट चक्रीय, म्हणजे एकाच घटकाच्या घातांनी बनलेला, राहत नाही, आणि पान ११ वर तू तो चक्रीय धरल्यासारखा दिसतोय. हेही मॅडमच्या मेलमध्ये घाल.